नाव पुसलेली जास्वंद

काकांनी माझा पहिला फोटो दारातच काढला. मी डोंबिवली पूर्वेला त्यांच्याकडे खोली बघायला गेलेले. हातात पिशवी, केस विस्कटलेले, जिना चढून दम लागलेला. "सरळ बघ," म्हणाले आणि काढलाच. मला वाटलं, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्यासाठी असेल. सामान घेऊन राहायला आले तेव्हा त्या फोटोची प्रिंट माझ्या आधार कार्डाच्या झेरॉक्सला टाचून तयार होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरक्या लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘फक्त भाड्याच्या खोलीसाठी. इतर कामास वापरल्यास बाद.’ अक्षरांना पांढरी कड होती आणि कडेमागे दाट काळी सावली.

"हे कशाला काका?"

"तुझा फोटो माझ्याकडून कोणी चोरला तर? तुझ्याच भल्याचं आहे."

"तुमच्या घरात येऊन कोण चोरणार?"

"कोणी चोरणार नाही, असं कोण म्हणतं?"

हे ‘असं कोण म्हणतं’ पुढे मी रोज ऐकलं. आज उकडतंय म्हटलं तरी तेच, गॅस संपलाय म्हटलं तरी तेच. त्या दिवशी मात्र मी माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, अक्षरांकडे बघत होते. ठाण्याला नौपाड्यात एका छोट्या छपाईच्या ऑफिसात मी लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर बनवायची. माणसांच्या फोटोवर नावं चढवणं हेच दिवसभराचं काम. मी म्हटलं, "सावली एवढी काळी नका ठेवू काका. लाल अक्षर मळल्यासारखं दिसतं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली.

काकांनी आयुष्यभर वजनमापं तपासायची नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, तपासणं सुटलं नाही. बाजारात जाताना पिशवीत एक किलो मिठाचा सीलबंद पुडा असायचा. भाजीवाल्याच्या काट्यावर आधी तो पुडा ठेवायचा, काटा बरोबर आला तरच वांगी. पुडासुद्धा त्यांनी आधी तीन दुकानांत तोलून घेतलेला. कुरिअरवाल्याला ते ‘पाठवणाऱ्याचं नाव सांग’ म्हणायचे, आणि त्याने पाकिटावरून वाचून सांगितलं तर ‘बघून सांगितलंस’ म्हणून रागवायचे. रक्तदाब एका डॉक्टरकडे मोजला की रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे. मी सकाळी "गुड मॉर्निंग काका" म्हटलं, तर आधी खिडकीतून बाहेर बघून घ्यायचे आणि मग "गुड मॉर्निंग" म्हणायचे.

"विश्वास ठेवावा," असं ते मला समजवायचे, "पण कडी लावून."

काकू ठेंगण्या, शांत. सतत काहीतरी गुणगुणत असायच्या. "त्यांचं मनाला लावून घेऊ नकोस हं," त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "लग्नात मला मंगळसूत्र घालताना सोनाराची पावती खिशात होती त्यांच्या. भटजींनी मुहूर्त झाला म्हटलं, तर ह्यांनी मामांचं घड्याळ मागून बघितलं."

हॉलमध्ये एक फोटो होता. काका, काकू आणि मध्ये शाळेची ढाल घेतलेली दोन वेण्यांची मुलगी. मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "ठाण्याला असते. लग्न झालंय." आणि कुकरची शिट्टी मोजायला आत गेल्या. कुकर गॅसवर नव्हताच.

काकांच्या आयुष्यात संशय नसलेली एकच जागा होती, ती म्हणजे गच्ची. तिथे त्यांच्या कुंड्या होत्या. लाल, पिवळी, गुलाबी जास्वंद, कठड्यावर चढवलेली गोकर्ण, एक अनंत. रोज सकाळी कोवळ्या उन्हात ते एका फुलाचा फोटो काढायचे, जुन्या कम्प्युटरवर टाकायचे आणि त्यावर ‘सुप्रभात’, एखादा सुविचार आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहायचे, वडिलांच्या नावासकट. सुविचार त्यांचे स्वतःचे असत. ‘गोड बोलणाऱ्याचे हात बघावेत.’ ‘झोपलेल्या कुत्र्याचा एक कान जागा असतो.’ सकाळी सकाळी चालायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर ते जायचं. लोक हात जोडलेली चित्रं पाठवायचे. काका ती चित्रं मोठी करून बघायचे.

माझं काम कळल्यावर दर रविवारी सकाळी माझी शिकवणी सुरू झाली. लेयर म्हणजे काचेवर काच ठेवल्यासारखं, हे मी सांगितलं तर म्हणाले, "मग खालची काच कोणी काढून घेतली तर?" केलेली चूक एका बटणाने मागे घेता येते हे दाखवलं, तर त्यांचा चेहराच उतरला. "म्हणजे हे आपल्या चुका साठवून ठेवतंय? कुठे?" पण हात चांगला होता त्यांचा. अक्षर पाकळीच्या मागून काढायचं, म्हणजे अर्धं पाकळीआड आणि अर्धं बाहेर, हे आमच्या ऑफिसातल्या पोरांना महिनाभर जमत नाही. काकांनी दुसऱ्या रविवारी केलं. त्यांनी पाकळीची कड इतकी निरखून कापलेली की मी म्हटलं, "वा काका." ते म्हणाले, "तोंडावर म्हणतेस की खरंच?"

असं बरं चाललेलं. मग एक दिवस तळमजल्यावरच्या अण्णांनी त्यांना जिन्यात थांबवलं. अण्णा साधे माणूस, बँकेतून निवृत्त झालेले. "ही बघा, अगदी तुमच्यासारखी जास्वंद," म्हणून त्यांनी फोन पुढे केला. ती तुमच्यासारखी नव्हती, तीच होती. तीच कुंडी, तोच कठडा. फक्त ‘सुप्रभात’ नव्हतं, सुविचार नव्हता आणि नाव नव्हतं.

"कोणी पाठवलं?"

"माझ्या बहिणीने. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतात म्हणे रोज, अशी फुलं."

"बहीण कुठे असते?"

"ठाण्याला."

काका वर आले ते पाणीही न पिता कम्प्युटरपुढे बसले. "नाव पुसतात म्हणजे काय? माणूस गेल्यावरही नाव राहतं म्हणतात. इथे मी जिवंत आहे!"

तिथून ते युद्ध सुरू झालं. कोपऱ्यातलं नाव त्यांनी फोटोच्या मधोमध आणलं, पुसटसं. दोन दिवसांनी अण्णांच्या फोनवर फूल आलं, नाव नाही. मग नाव प्रत्येक पाकळीवर. तेही गेलं. मग नाव फुलाच्या मधल्या तुऱ्याभोवती वेलीसारखं गुंडाळलं, देठावरून खाली आणलं, कुंडीवर कोरल्यासारखं उठवलं. मी आयुष्यात इतकं नाजूक काम फोटोवर कोणाला करताना बघितलेलं नाही, आणि इतकं कुरूपही. काकू म्हणाल्या, "अहो, फूल कुठे दिसतच नाही. तुम्हीच दिसताय."

तरी नाव जायचंच. जिथे असायचं तिथे फक्त एक धूसर डाग उरायचा. काका तो डाग मोठा करून मला दाखवायचे. "हे बघ. इथे बोट फिरवलंय कोणीतरी."

हल्ली फोनमध्येच तसं बटण असतं, नको ते बोटाने घासलं की जातं, हे मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला बरं माहीत," म्हणाले.

त्या रात्रीपासून मी ‘तू’ची ‘तुम्ही’ झाले.

त्यांच्या बाजूने बघितलं तर हिशेब बरोबरच होता. फुलं ठाण्याला जात होती, आणि रोज ठाण्याला जाणारी घरात मी एकटी. फोटोवरची अक्षरं चढवायची-उतरवायची विद्या येणारी मी एकटी. कम्प्युटरच्या खोलीला कुलूप लागलं. मी डबा भरत असले की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. मी फोनवर आईशी बोलत असले की हॉलमधला पंखा बंद व्हायचा, नीट ऐकू यावं म्हणून. एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "तपास पूर्ण होईपर्यंत मी काही म्हणत नाही. पण तुम्ही दुसरी जागा बघून ठेवलेली बरी."

मला रडू आलं, आणि रागही. चोरायचं तर काय, जास्वंद? मी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर कल्याणला दोन खोल्या बघून आले. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं. "मला का नाही बोललीस?" एवढंच म्हणाल्या. पोळी तव्यावर तशीच करपली.

काकांनी सापळा लावला होता, हे आम्हाला रविवारी कळलं. सकाळचा चहा झाल्यावर त्यांनी मला आणि काकूंना हॉलमध्ये बसवलं. काकू मेथी निवडायला घेऊनच बसल्या. काका उभेच होते. आवाज जुन्या नोकरीतला.

"गुरुवारच्या फोटोत मी एक मुंगी घातली होती. दुसऱ्या फोटोतून कापून आणलेली. जितक्या जणांना फोटो पाठवला, तितक्या ठिकाणी ती वेगळ्या जागी आहे. तुम्हाला पाठवला त्यात," हे मला, "देठावर होती."

मी फोन उघडून बघितलं. होती. खरी वाटावी अशी होती.

"चालायच्या ग्रुपला पानावर. ऑफिसला कळीवर. आज अण्णांकडे तोच फोटो नाव पुसून आलाय. तो मी अजून मोठा करून बघितलेला नाही. तुमच्यासमोर बघणार आहे. उगाच कोणावर आळ नको."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी फोटो ताणला. देठ बघितला असावा, कारण माझ्याकडे एकदा बघितलं. मग फोटो खाली सरकवला. मग त्यांचं बोट थांबलं.

"कुंडीच्या काठावर आहे ना?" काकू म्हणाल्या. मान वर केली नव्हती. "माझ्या फोटोत तिथे होती."

काका रोज फोटो तयार झाला की ग्रुपवर टाकायच्या आधी काकूंना पाठवायचे, ‘बघ कसं झालंय’ म्हणून. त्यांच्या फोटोतही मुंगी घातलेली, ती केवळ नियम सगळ्यांना सारखा म्हणून.

"तू पुसतेस?"

"हो. बोटाने. मुंगी खरी वाटली हो मला. म्हटलं, कशाला मारा."

"कोणाला पाठवतेस?"

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "ठाण्याला आपलं कोण आहे दुसरं?"

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं, पण ते इथेच सांगायला हवं. मुलीने आपल्या पसंतीचा मुलगा घरी आणला. काकांना त्याच्यात वावगं काही सापडलं नाही, आणि तेच त्यांना खटकलं. त्याच्या पदवीची झेरॉक्स घेऊन ते ठाण्याला त्याच्या ऑफिसात गेले आणि थेट साहेबाला विचारलं, की हा कागद खरा आहे का, तुम्ही तपासला होता का. मुलाला सगळ्यांसमोर केबिनमध्ये बोलावलं गेलं. कागद खराच होता. मुलाने ते हसण्यावारी नेलं. मुलीने नेलं नाही. लग्नानंतर ती या घरात आली नाही. आईला म्हणाली, तुला भेटेन बाहेर कुठेही, पण बाबांचं नाव असलेलं काही माझ्यापुढे आणू नकोस. नाव बघितलं की मला ती केबिन दिसते.

"फुलं मात्र मागितली तिने," काकू हॉलमध्ये सांगत होत्या. "म्हणाली, गच्चीत काय फुललंय ते पाठवत जा. मग काय करणार? तुम्ही नावाशिवाय एक पान देत नाही. तिला आवडली म्हणून तिने आपल्या सोसायटीत पाठवली असतील. चोरी नाही ती."

"असं कोण म्हणतं?" काका म्हणाले. पण सवयीने म्हणाले, आवाजात जोर नव्हता.

काकूंनी आपला फोन त्यांच्या हातात दिला. ते खुर्चीत बसले आणि वाचायला लागले. मी उठायला निघाले, तर काकूंनी माझा हात धरून बसवलं. त्यांनी माझ्यावर आलेला आळ माझ्यादेखतच उतरवायचं ठरवलेलं असावं. काका वर वर सरकवत गेले. एकाखाली एक फुलं, प्रत्येकावर धूसर डाग, आणि खाली मुलीचं काहीतरी. ‘ही पिवळी मागच्या वर्षी नव्हती ना?’ ‘आज उशीर झाला?’ ‘गोकर्नला शेंगा धरल्या का?’

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हे सगळं तिनेच लिहिलंय कशावरून?"

"गोकर्णचा ण बघा. तिसरीपासून चुकवते."

त्यांनी बघितला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत बसले.

दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तर मागे येऊन उभे. "जागा बघितलीस का?"

"दोन बघितल्या. कल्याणला."

"तिकडे पाणी नीट येत नाही. राहू दे." म्हणजे मी पुन्हा ‘तू’ झाले होते. 

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या फोनवर नुसती गुलाबी जास्वंद आली. ‘सुप्रभात’ नाही, सुविचार नाही, नाव नाही. "तू पुसू नकोस," ते काकूंना म्हणाले. "पाकळ्या खराब होतात."

काकूंनी ती तशीच पुढे पाठवली. थोड्या वेळाने उत्तर आलं : ‘आज डाग नाही. नाव कोणी काढलं?’

"काय लिहू?" काकूंनी विचारलं.

"खरं ते लिही."

‘त्यांनीच घातलं नाही,’ असं काकूंनी लिहिलं. खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचा आठवडाभर नाही. काका रोज फूल द्यायचे, काकू रोज पाठवायच्या. "फोन बिघडला असेल तिचा," ते म्हणायचे. कधी म्हणायचे, "निळ्या खुणा झाल्या म्हणजे वाचलं, हे सिद्ध होत नाही." जेवताना फोन काकूंच्या ताटाजवळ असायचा आणि काका वाटीत आमटी घेता घेता त्याच्याकडे बघायचे. मला वाटायला लागलं, की नाव होतं तेच बरं होतं. निदान उत्तरं तरी येत होती.

मग एका रविवारी तिकडून फोटो आला. बाल्कनीतली कुंडी, छोटी जास्वंद, आणि दोन-तीन पानं पिवळी. खाली लिहिलेलं : ‘पानं पिवळी पडतायत. बाबांना विचार काय करायचं.’

काकूंनी ते मोठ्याने वाचलं. ‘बाबांना’ हा शब्द दोनदा वाचला.

काकांनी फोटो आपल्याकडे पाठवायला सांगितला आणि कम्प्युटरच्या खोलीत गेले. बराच वेळ बसले होते. आतून माऊसचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. बाहेर आले ते शर्ट बदलूनच.

"फोटोवरून काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "झाड प्रत्यक्ष बघायला हवं."

"मी येते," काकू म्हणाल्या. त्यांचा अंबाडा आधीच घालून झालेला.

"एक झाड बघायला दोन माणसं कशाला?" असं म्हणत त्यांनी पिशवीत छोटी कात्री, खुरपं आणि निंबोळी पेंडीची पुडी भरली. मग दारात जाऊन उभे राहिले. "चप्पल घाल ना लवकर. रिक्षा मिळणार नाही." जिना अर्धा उतरल्यावर त्यांनी खालून मला हाक मारली, "अगं, तेवढा कम्प्युटर बंद कर. राहिला."

मी आत गेले. पडदाभर एकच पान होतं, खूप मोठं केलेलं. त्याचा पिवळा रंग सपाट होता, शिरा नसलेला, ब्रशने ओढल्यासारखा. एका बाजूला तर तो पानाची कड ओलांडून मागच्या पांढऱ्या भिंतीवर सांडला होता. खाली झाकलेला हिरवा कडेने डोकावत होता. आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात आलेलं पोरगंही सांगेल असं कच्चं काम. माऊसचा बाण बरोबर त्या सांडलेल्या रंगावर थांबलेला होता.

दिवेलागणीला दोघं परत आले. काकू आत गेल्या आणि देवापुढे निरांजन लावायला लागल्या, गुणगुणत. काकांनी चप्पल काढली, पिशवी टेकवली. पेंडीची पुडी न फोडलेली, तशीच दिसत होती.

"काय झालं होतं हो झाडाला?" मी विचारलं.

"पाणी जास्त होत होतं," काका म्हणाले. "कमी करायला सांगितलंय. पण एकदा बघून भागत नाही. पुढच्या रविवारी परत जावं लागेल."